हलगी त्याच्या हातात होतीच : चौथीतल्या एका मुलाचा प्रकरण अभ्यास

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत 'बहुविध बुद्धिमत्ता' (बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, ही मांडणी) हा विषय दोनदा आला. दुसऱ्या वेळी मांडणी माझ्याकडं होती आणि यशस्वी उदाहरण म्हणून मी माझ्या चौथीतल्या एका मुलाबद्दल बोलले. टाळ्या मिळाल्या. त्यानंतर दीड महिन्याच्या आत त्याच मुलाच्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला आणि माझं उदाहरण कोसळलं. त्या मुलाबरोबरचं ते सगळं वर्ष इथं लिहून काढते आहे, कारण मुलांना बुद्धिमत्तांच्या रकान्यांत वाटणारा जो तक्ता मी भिंतीवर लावला होता, तसलाच मला आजही इतर शाळांत दिसतो. मुलाचं आणि गावाचं नाव देत नाही.

शाळा आणि मुलगा

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. एका खोलीत दोन इयत्ता, मुलं एकोणीस. मुलाचे वडील आणि दोन चुलते हलगी वाजवतात. लग्नसराई, जत्रा आणि कुस्तीची मैदानं या काळात घरात पैसा येतो, एरवी आई-वडील दोघंही द्राक्षबागेत मजुरीला जातात.

जूनमध्ये मी सगळ्यांची वाचन पातळी बघते. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीमुळं आम्हा शिक्षकांच्या तोंडी बसलेल्याच त्या पायऱ्या : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. हा मुलगा अक्षराच्या पुढं आणि शब्दाच्या अलीकडं अडकलेला होता. सुटी अक्षरं ओळखायचा, पण काना-मात्रा गळायचे. 'कावळा' दिलं की 'कवळ' वाचायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. जोडाक्षर आलं की थांबायचाच. आरोग्य तपासणीत डोळे, कान ठीक निघाले होते. लग्नसराई सोडली तर हजेरीही बरी. तीन वर्षं शाळेत येणारं, बोलण्यात चलाख असलेलं पोर वाचत का नाही, हे त्याच्या आधीच्या नोंदींतून कळत नव्हतं. तिथं एकच वाक्य तिन्ही वर्षं होतं : 'वाचनाचा सराव आवश्यक.'

एक गोष्ट मात्र कुणालाही दिसली असती. त्याचे हात कधी गप्प नसत. बाक, पाटी, जेवणाचं ताट, काहीही मिळालं की बोटं चालू. आणि तो नुसता बडवत नव्हता. एकदा मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं : उजव्या हाताचा जाड ठोका आणि डाव्याची बारीक टिकटिक एकमेकींत अशी गुंफलेली होती की मधला एकही ठोका इकडचा तिकडं होत नव्हता. बाहेरून ट्रॅक्टर गेला तरी लय हलली नाही.

तक्ता

त्या उन्हाळी सुट्टीत मी हॉवर्ड गार्डनरची मांडणी नीट समजून घेतली होती. हार्वर्डचा हा मानसशास्त्रज्ञ बोस्टनच्या एका रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या माणसांबरोबर काम करायचा. एखाद्याची वाचा जाते पण सूर शाबूत राहतो, एखाद्याला रस्ते आठवत नाहीत पण बोलणं नीट असतं. असं बघत गेल्यावर, बुद्धी ही एकाच मापानं मोजायची एकच वस्तू आहे हे त्याला पटेना. १९८३ साली त्यानं सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढं निसर्गविषयक ही आठवी जोडली. भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय (जागा आणि आकार यांची जाण), शारीरिक, सांगीतिक, आंतरव्यक्ती (इतरांना ओळखणं), व्यक्तीअंतर्गत (स्वतःला ओळखणं) आणि ती आठवी. सगळे मानसशास्त्रज्ञ हे मानत नाहीत. १९०४ मध्ये इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पिअरमननं दाखवलं होतं की एका प्रकारच्या चाचणीत पुढं असणारी मुलं बहुधा दुसऱ्या प्रकारातही पुढं असतात, म्हणजे मुळाशी एकच सामान्य बुद्धी असावी, आणि तो आक्षेप अजून उभा आहे. पण शिक्षिका म्हणून मला ही मांडणी भावली होती, अजूनही भावते. 'ढ' हा शब्द वर्गातून हद्दपार करायला तिनं मला बळ दिलं, हे मी मनापासून सांगते.

जुलैत मी मोठ्या कार्डशीटवर आठ रंगांचे आठ रकाने आखले. तीन आठवडे निरीक्षण करून प्रत्येक मुलाच्या नावाची चिठ्ठी एका रकान्यात चिकटवली. या मुलाची चिठ्ठी 'सांगीतिक'मध्ये गेली, तिथं अजून दोघं होती. मग गटानुसार कामं. परिसर अभ्यासाचा पाण्याचा धडा असला की भाषिक गटानं उतारा लिहायचा, अवकाशीय गटानं चित्र काढायचं, सांगीतिक गटानं गाणं बसवायचं.

मुलगा फुलला. दुसरा शब्दच नाही त्याला. परिपाठाला ताल तोच धरायचा. पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत तो हलगी घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. आदल्या रात्री पाऊस झाल्यानं कातडं सैल पडलं होतं, तर शाळेमागं वाळकं गवत पेटवून त्यानं हलगी शेकली, मधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावला आणि 'आता बोलती' म्हणून उठला. सरपंचांनी बक्षीस दिलं. जो मुलगा दोन वर्षं मागच्या भिंतीला टेकून बसायचा तो पुढच्या ओळीत आला. सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेत मी हेच सांगितलं, प्रभातफेरीचा व्हिडिओ दाखवला.

याच काळात तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "बाई, मी गाण्याच्या गटात न्हाई, मग मी गाणं म्हनायचं न्हाई का?" मी तिला म्हण की म्हणाले आणि पुढं गेले. तिथंच थांबायला हवं होतं.

वडिलांचा प्रश्न

दिवाळीनंतरच्या पालकसभेला वडील उशिरा आले. सगळे गेल्यावर दाराशी उभे राहिले. मी त्यांना आत बोलावून बसवलं आणि पोराचं कौतुक सुरू केलं : कसा बदललाय, किती जाण आहे, ताल किती पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते खरं हाय बाई," ते म्हणाले. "पन हलगी त्याच्या हातात हायच. ती घरात हाय, ती मी शिकीवतो. तुमच्याकडं त्याला लिवाय-वाचाय धाडलाय. ते कुटवर आलंय?"

मी वही उघडली. जूननंतर वाचनाची एकही नवी नोंद नव्हती. चार-साडेचार महिने गाणी बसवण्यात आणि ताल धरण्यात गेले होते, आणि 'कावळा' अजून 'कवळ'च होता.

"दादा, त्यात मी मागं पडले," एवढंच मला म्हणता आलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. वाजवायची सुपारी (कामाचा करार) ठरते तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. पोरानं ते वाचावं एवढीच त्यांची इच्छा.

ते गेल्यावर मी तक्त्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच चिठ्ठ्यांमागची घरं वाचली. भाषिक आणि तार्किक-गणिती रकान्यांत कुणाची मुलं? ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येतं, मोठा भाऊ कॉलेजला आहे, वडील सोसायटीत सचिव आहेत त्यांची. शारीरिक आणि सांगीतिक रकान्यांत? मजुरांची, मेंढपाळांची, वाजंत्र्यांची. मी जात बघून चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या, हे देवाशपथ खरं. जे दिसलं ते लिहिलं होतं. पण दिसत होतं ते घरानं दिलेलं होतं, आणि शाळेनं जे द्यायचं ते मी त्याच मापानं कमी करत चालले होते. ज्या समाजाच्या हातात पिढ्यानपिढ्या हलगीच दिली गेली, गावाच्या प्रत्येक मंगलकार्यात वाजवूनही ज्यांची पंगत वेगळी बसायची, त्या घरातल्या मुलाला मीही हलगीच दिली. रंगीत कार्डशीटवर, शास्त्राच्या नावानं.

नंतर मला कळलं की गार्डनरलाही हाच धोका स्वतःच्या डोळ्यांनी दिसला होता. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यात त्याच्या मांडणीच्या आधारानं एक शैक्षणिक कार्यक्रम तयार झाला. त्यात कोणत्या वांशिक गटात कोणती बुद्धिमत्ता असते आणि कोणती नसते याची चक्क यादी होती. गार्डनरनं तिथल्या दूरचित्रवाणीवर जाऊन याला थोतांड म्हटलं, आणि तो कार्यक्रम बंद झाला. त्यांची यादी छापील होती, माझी हातानं लिहिलेली, एवढाच फरक मला दिसला.

तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला.

मी काय उलटं समजले होते

मूल एका बुद्धिमत्तेचं आहे असं गार्डनर कुठंच म्हणत नाही. आठही प्रत्येकात असतात, कमीअधिक. आणि 'अध्ययन शैली' ही गोष्ट वेगळी आहे, आपल्या मांडणीशी तिची गल्लत करू नका, असंही त्यानं २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं. 'हा ऐकून शिकतो, ती बघून शिकते' हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतं. २००८ मध्ये चार नामवंत अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीशी जुळवून शिकवल्यानं मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. शिक्षकांना गार्डनरचा सल्ला दोनच गोष्टींचा आहे : प्रत्येक मुलाला जवळून ओळखा, आणि महत्त्वाची गोष्ट सगळ्यांनाच अनेक वाटांनी शिकवा. मी एकेका मुलाला एकेक वाट वाटून टाकली होती.

(तालुक्याच्या गावी बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचणीच्या जाहिराती लागतात. एका पालकानं हजारो रुपये भरायची तयारी केली होती. त्यांना मी हात जोडून थांबवलं. ठशांचा आणि बुद्धीचा असा संबंध कोणत्याही शास्त्रानं सिद्ध केलेला नाही.)

ठोक्यातून अक्षराकडं

आता प्रश्न असा होता की त्याचा ताल बाजूला ठेवायचा का? मला ते पटेना. मुलाची ताकद तिथं होती. फक्त तिचा मुक्काम तिथंच होता कामा नये, तिनं मुलाला वाचनाकडं आणायला हवं.

मग एक साधी गोष्ट सुचली. मराठी वाचनात त्याचं जे अडत होतं ते लांबी-आखूडपणाशीच निगडित होतं. 'क' आणि 'का' यांत फरक काळाचाही आहे. लघू म्हणजे आखूड अक्षराची एक मात्रा (काळाचं माप), गुरू म्हणजे लांब अक्षराच्या दोन, हे छंदशास्त्र आपण वरच्या वर्गांत व्याकरण म्हणून शिकवतो. या पोराच्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं.

रोज मधल्या सुट्टीआधीची वीस मिनिटं ठरवली. मी फळ्यावर 'कावळा' लिहिलं. त्याला म्हटलं, "वाचू नकोस. आधी वाजव." का : लांब. व : आखूड. ळा : लांब. मग खाली 'कवळ' लिहिलं. त्यानं ते वाजवलं, तीन आखूड ठोके. दोन्ही पुन्हा वाजवले. मग खडूकडं बोट करून म्हणाला, "ह्या दांडीनं लांब हुतंय." तीन वर्षं काना म्हणजे काय हे त्याला सांगितलं गेलं होतं. त्या दिवशी ते त्याला ऐकू आलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. 'घर' या शब्दावर आमचं भांडण झालं. मी दोन अक्षरं म्हणून दोन ठोके दिले, तो एकच द्यायचा. आणि त्याचा कान बरोबर होता, आपण 'घर्' असंच बोलतो, शेवटचा 'अ' गिळतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या बाजूनं बघितलं तर लिपी आणि उच्चार यांतली ही फट केवढी मोठी आहे ते मला वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळलं. शेवटच्या अक्षराला बाकाच्या कडेवर नुसतं बोट टेकवायचं, ठोका द्यायचा नाही, अशी खूण आम्ही ठरवली.

जानेवारीत जोडाक्षरं घेतली. 'पुस्तक', 'रस्ता', 'चप्पल', 'मुक्काम'. तो वाजवत राहिला, आणि मग मान तिरकी करून म्हणाला, "बाई, जोडाक्षराच्या आदी हात थांबतोय." जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येतो आणि ते गुरू होतं, हा नियम मी कुणालाही सांगितला नव्हता. मी गंमत म्हणून 'तुम्ही' लिहिलं. त्यानं वाजवलं. "हितं न्हाई थांबत." 'कुऱ्हाड'? "हितं बी न्हाई." व्याकरणाच्या पुस्तकात अपवाद म्हणून दिलेली नेमकी हीच उदाहरणं. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही. ज्या मुलाला आम्ही भाषेत कच्चा म्हणून तीन वर्षं शेरा देत होतो, त्याला भाषेच्या ध्वनींची माझ्याहून बारीक जाण होती. मग ही सांगीतिक बुद्धिमत्ता की भाषिक? रकाने असते तर चिठ्ठी कुठं लावली असती?

ताल जिथं कामाला आला नाही तेही सांगायला हवं. इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ त्यातून सुटलं नाही, कारण बोलताना आपण ते फारसं वेगळं करतच नाही. तिथं डोळ्यांनाच सवय लावावी लागली, रोज पाच शब्द बघून लिहायचे आणि झाकून लिहायचे.

गणितात तर तालानं मला फसवलंच होतं. पाढे तो तीसपर्यंत खड्या आवाजात, ठेका धरून म्हणायचा. मी त्यावर खूश होते. डिसेंबरात सहज विचारलं, "सात चोक?" तो 'सात एके सात'पासून सुरू झाला. मधल्या पायरीवर उभं राहणं त्याला जमत नव्हतं, कारण पाढा त्याच्यासाठी एक सलग चाल होती, तिला अर्थ नव्हता. भागाकाराला म्हणून आम्ही हलगी शाळेबाहेर ठेवली. काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेतल्या, चौघांत वाटल्या. आधी गठ्ठे वाटून, उरलेला गठ्ठा सोडून सुट्या वाटून, मग तेच पाटीवर मांडून. कंटाळवाणं काम होतं, त्याला आवडत नव्हतं, तरी केलं.

सुपारीच्या पैशांच्या वाटणीचं उदाहरण माझ्या मनात आलं होतं, पण मी ते दिलं नाही. वर्गासमोर त्याच्या घरचा धंदा गणितात आणायचा की नाही हे मी ठरवणं बरोबर वाटेना. फेब्रुवारीत तोच आला. "बाई, पाच हजार रुपयं आन् मानसं चार. कसं मांडायचं?" बाराशे पन्नास हे उत्तर त्याला तोंडी आधीच ठाऊक होतं. त्याला ते कागदावर, पायऱ्यांसकट हवं होतं. उरलेल्या दोन शतकांचे वीस दशक करताना तो अडला, गठ्ठे सोडायची काड्यांची आठवण दिल्यावर पुढं गेला. कागद घडी करून खिशात घातला.

बाकी वर्ग

तक्ता गेल्यावर गटही गेले. एक पाठ, वाटा अनेक आणि सगळ्या वाटांवर सगळे. परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवताना सगळ्यांनीच सुतळीनं व्हरांड्याची कड मोजली, सगळ्यांनीच आतल्या फरश्या मोजल्या, सगळ्यांनीच चौकटीच्या कागदावर आकृती काढली आणि कुंपण कुठं लागतं, शेणानं सारवण कुठं लागतं हे आपल्या शब्दांत सांगितलं. वेळ दुप्पट गेला. दोन इयत्ता एकत्र असताना हे रोज होत नाही. आठवड्यातून एक-दोन पाठ जमले, तेवढेच केले. गाण्याबद्दल विचारणारी ती मुलगी आता परिपाठात म्हणते. सूर यथातथाच आहे.

एप्रिल

वर्षाअखेरीस तो परिच्छेद वाचत होता. हळू, बोट ठेवून, जोडाक्षराशी क्षणभर थांबून, पण अर्थ कळून. गोष्टीच्या पातळीला पोचला नाही. चौथीच्या अपेक्षेनं बघितलं तर तो मागंच होता, आणि ते वाया गेलेले महिने मी त्याला परत देऊ शकत नाही. मार्चमध्ये लग्नसराई सुरू झाल्यावर नऊ दिवस तो आला नाही. परतला तेव्हा दोन लग्नपत्रिका घेऊन आला आणि 'आपले कृपाभिलाषी'पर्यंत वाचून दाखवल्या. 'कृ'वर अडला.

वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पाचवीला तो शेजारच्या गावच्या शाळेत जाणार होता, तिथल्या शिक्षकांना त्याची पहिली ओळख या तीन ओळींतूनच होणार. आवड-छंदाच्या पुढं पेन थांबलं. मग मी त्यालाच बोलावलं आणि विचारलं, "इथं काय लिहू?"

त्यानं थोडा विचार केला. "हलगी लिवा," म्हणाला. "आन् मोटार."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. शाळेच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा ती काढायला माणूस आला होता, आणि हा पूर्ण दुपार त्याच्या शेजारी बसून होता. तांब्याची तार कशी गुंडाळतात, स्टार्टरमधलं कोणतं बटण कशासाठी, सगळं त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. ती दुपार मला आठवत होती. हा वर्गात नाही म्हणून मी त्याला ओरडले होते आणि हलगीची तालीम घ्यायला आत बोलावलं होतं.

मी लिहिलं : हलगीवादन, विद्युत मोटारीची दुरुस्ती. त्यानं ओळीखाली बोट धरून वाचून पाहिलं. 'विद्युत'वर थांबला, बाकावर एकदा वाजवलं, आणि पुढं गेला.